घड जिरला, बाळी आली: एका लांबलेल्या रूपकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कवी नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले. आई दिंडोरी तालुक्यातली, उभी हयात द्राक्षबागेत गेलेली. गेल्या चार वर्षांपासून आईला स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. मुलाचं नाव कधी आठवतं, कधी नाही. हा अनुभव कवीने 84 ओळींच्या मुक्तछंदातल्या कवितेत मांडला आणि जुलैच्या सुरुवातीला एका दिवाळी अंकाकडे पाठवला. संपादकांनी कविता नाकारली नाही. परत पाठवताना त्यांनी समासात एवढंच लिहिलं होतं: "बाग फार झाली, आई कमी झाली. ऑगस्टअखेर पुन्हा बघू."

कवी महिन्यातून एकदा भरणाऱ्या पाच जणांच्या वाचनगटात जातात. पुढचं सगळं काम त्या गटात आणि कवीच्या टेबलावर झालं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कवितेच्या ओळी कवीच्या संमतीने दिल्या आहेत.

कवितेचा पाया सरळ होता. आई म्हणजे बाग आणि विसरणं म्हणजे छाटणी. सात भाग, प्रत्येक भागात बारा ओळी. खरड छाटणीपासून तोडणीपर्यंत बागेचं अख्खं वर्ष त्यात आलं होतं. सुरुवात अशी:

आई ही बाग
आणि विसरणं ही छाटणी.
वर्षातून दोनदा नव्हे,
रोज चालते कात्री.

आणि शेवट असा:

माघात गोडी उतरेल मण्यांत,
तेव्हा तू मला
पुन्हा नावाने हाक मारशील.

अडचण

गटात पहिल्या वाचनाला सगळे गप्प झाले, कारण विषय जड होता. दुसऱ्या वाचनाला आक्षेप आले. ते तीन प्रकारचे होते आणि तिन्ही वेगवेगळे हाताळावे लागले.

पहिला आक्षेप वस्तुस्थितीचा. कवीचे चुलतभाऊ बागायतदार आहेत. त्यांनी फोनवर कविता ऐकली आणि तिसऱ्या भागावरच थांबवलं. "दादा, एप्रिलच्या छाटणीवर आपण माल धरतो का कधी?" ओळ होती, 'एप्रिलची कात्री फिरली आणि घड लोंबू लागले'. नाशिककडे वर्षात दोन छाटण्या होतात. उन्हाळ्यातली खरड छाटणी काडी, म्हणजे वेलीची फांदी, तयार करण्यासाठी असते. ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी असते. घड येतात ते दुसऱ्या छाटणीनंतर. शहरातल्या वाचकाला ही चूक खटकणार नाही, पण कविता जिच्याबद्दल आहे तिला ती पहिल्या फटक्यात खटकली असती. एवढ्या कारणासाठीही ती ओळ राहू देणं बरोबर नव्हतं.

दुसरा आक्षेप जोड्यांचा. आपल्याकडे या प्रकाराला सांगरूपक म्हणतात. उपमेयावर उपमानाचा आरोप करायचा आणि तो अंगाअंगांसह तडीस न्यायचा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाश या ग्रंथात रूपकाचे सांग, निरंग आणि परंपरित असे भेद केले आहेत. त्यातला परंपरित इथे नेमका कामाचा होता. एक आरोप मान्य केला की दुसरा त्याच्या पाठोपाठ येतोच. राजाला सिंह म्हटलं की शत्रू हत्ती होतात. इथे विसरण्याला छाटणी म्हटलं, त्याबरोबर कात्री आली. कात्री आली की ती धरणारा हात आला. तो हात कोणाचा? मसुद्यात उत्तर होतं: 'काळाचा'. सगळी कविता वेल, काडी, डोळा (काडीवरचा कोंब), मणी अशा हाताला लागणाऱ्या गोष्टींत बोलत असताना या एकाच ठिकाणी अमूर्त शब्द आला होता. रूपक तिथेच पोकळ वाजत होतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात खोल, आणि तो मांडायला गटाला दोन बैठका लागल्या. छाटणी करतात ती फळ यावं म्हणून. बागायतदार काडीवर कात्री चालवतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर फेब्रुवारी-मार्चची तोडणी असते. स्मृतिभ्रंशात जे जातं त्याच्या बदल्यात काही येत नाही. उपमान मात्र आपलं पीक मागतच राहतं. म्हणून शेवटच्या भागात कवीला गोडी उतरवावी लागली, आईला पुन्हा हाक मारायला लावावी लागली. कवीचा स्वतःचा त्या ओळींवर विश्वास नव्हता. विचारल्यावर त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. म्हणजे शेवट कवीने लिहिला नव्हता, बागेने लिहून घेतला होता.

लांब रूपकाचा हा धोका छोट्या उपमेत नसतो. 'आईचं बोलणं पानगळीसारखं' एवढंच म्हटलं की वाचक एक साम्य घेतो आणि पुढे जातो. ऐंशी ओळी बागेत घालवल्या की मात्र वाचक तोडणीची वाट पाहू लागतो, आणि ते त्याचं चुकत नाही.

तपासणी कशी केली

इथे दोन साधी साधनं वापरली. दोन्ही कागद-पेन्सिलीची आहेत.

पहिलं जोडीपत्रक. कागदाच्या डाव्या बाजूला उपमानाचं अंग, उजवीकडे त्याच्याशी जोडलेलं उपमेयाचं अंग, आणि मधे ज्या गुणाने जोड बसते तो गुण एका क्रियापदात. गुण विशेषणात लिहायचा नाही, हा नियम महत्त्वाचा. 'नाजूक', 'हिरवं', 'गोड' असली विशेषणं कशालाही कशाशी जोडतात, क्रियापद तेवढं सैल नसतं. मसुद्यात 19 जोड्या निघाल्या. त्यांपैकी चार जोड्या दोन किंवा अधिक गुणांनी बसत होत्या. नऊ एकाच गुणावर लटकत होत्या. मांडव म्हणजे घर, तार म्हणजे नातं, अशा त्या जोड्या होत्या. सहा उलट्या ओढत होत्या, म्हणजे उपमानात जे फायद्याचं ते उपमेयात नुकसानीचं होतं. छाटणी आणि विरळणी या सहांत होत्या. मण्यांची विरळणी राहिलेले मणी मोठे व्हावेत म्हणून करतात. आईच्या आठवणी विरळ झाल्याने उरलेल्या मोठ्या होत नाहीत.

दुसरं साधन क्रियापदांची चाळणी. बागेच्या बोलीतली सगळी क्रियापदं वेगळी काढली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हे क्रियापद आईच्या खोलीत, बागेचा उल्लेख न करता, बोलता येतं का? 'डिपिंग करणं', 'पेस्ट लावणं', 'काडी बांधणं' गळाली. 'तडकणं' राहिलं. 'फुटणं' राहिलं. आणि कवीने 52व्या ओळीत एकदाच, चालता चालता वापरलेलं 'जिरणं' राहिलं.

या शब्दापाशी गट थांबला. मराठीत पाणी जिरतं, खोड जिरते, रग जिरते. द्राक्षवाल्यांच्या बोलीत घड जिरतो. गोडी छाटणीनंतर डोळे फुटतात, नवी फूट निघते आणि पानांबरोबर घड दिसू लागतो. काही काड्यांवर तो दिसतो तेवढाच. दिवसागणिक बारीक होत जातो आणि घडाच्या जागी बाळी येते. बाळी म्हणजे वेलीचा तो हिरवा, स्प्रिंगसारखा वळणारा तंतू, जो हवेत आधार शोधतो आणि सापडेल त्याला वेढा घालतो. ही नुसती दिसण्याची गंमत नाही. वेलीत घड आणि बाळी एकाच प्रकारच्या अंकुरापासून होतात. त्याचा घड व्हायचा की बाळी, हे पोषण, प्रकाश, संप्रेरकं यांवर ठरतं.

आता आईची खोली. आई मुलाकडे बघतात, नावाचं पहिलं अक्षर ओठावर येतं, आणि मग 'ते... ते आपलं... ते हे...'. नावाच्या जागी चाचपडणारे शब्द येतात. हात पुढे होतो, काहीतरी धरू पाहतो. ही जोड तीन गुणांनी बसत होती. सुरुवात झाली होती, तिची जागा दुसऱ्याने घेतली, आणि ते दुसरं आधार शोधतं.

चुलतभावाने आणखी एक गोष्ट दिली. ऑक्टोबरमध्ये घड जिरताना दिसतो, पण त्याचं कारण बहुधा उन्हाळ्यातलं असतं. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. तेव्हा ढगाळ हवा राहिली, काडीवर ऊन पडलं नाही, पानांची गर्दी झाली, तर डोळ्यात घड नीट बसत नाही. बाहेरून काडी चांगली दिसते. कळतं ते काही महिन्यांनी. स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच प्रकारांतही मेंदूतले बदल लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेले असतात. कवीला आठवत होतं की आजाराचं निदान होण्याच्या बऱ्याच आधी आई मजुरांचा हिशेब दोनदा करायला लागल्या होत्या.

कोणते पर्याय होते

चार पर्याय टेबलावर आले.

पहिला, नुसती डागडुजी. एप्रिलची चूक काढायची, 'काळाचा हात' बदलायचा, सात भाग तसेच ठेवायचे. दोन दिवसांचं काम. पण उलट्या ओढणाऱ्या सहा जोड्या तशाच राहिल्या असत्या.

दुसरा, उपमानच बदलायचं. कवीने यासाठी 22 ओळींचा वेगळा प्रयत्न लिहूनही आणला. त्यात गोदावरीचा पूर आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती होती. नाशिकला पुराचं माप क्युसेकमध्ये कोणी बोलत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की लोक विचारतात, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा. आजारी माणसाच्या घरात रोज सकाळी हाच प्रश्न असतो, आज कुठपर्यंत? हे उपमान पहिल्या ऐकण्यात बागेपेक्षा सरस वाटलं आणि गटातले दोघे त्याच्या बाजूने होते. मग जोडीपत्रकावर चढवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पूर ओसरतो आणि मारुती होता तसा दिसतो, म्हणजे पुन्हा खोटा दिलासा. शिवाय पूर बघणारे पुलावर उभे असतात. कवी मात्र आईला अंघोळ घालतो, भरवतो, रात्री उठतो. या उपमानाने त्याला बघ्यांत नेऊन उभं केलं असतं. सेवा करणाऱ्याच्या कवितेत ही जागा चुकीची आहे, आणि गटाने ती चूक वेळेत ओळखली याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

तिसरा, रूपक सोडून द्यायचं. गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा याबद्दल आग्रह होता. दुःखाला नटवू नये, सरळ सांगावं, हे त्यांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण इथे बाग हा दागिना नव्हता. आईची सगळी भाषा बागेची होती. नातवाच्या तापाला त्या वेलीवरच्या रोगाचं नाव घेऊन 'भुरी आली का रे' म्हणत असत. ती बोली काढली असती तर बोलणारी बाईच कवितेतून गेली असती.

चौथा, अख्खी बाग सोडायची आणि एकच अंग घ्यायचं. कवितेला छाटणी नको, तोडणी नको, फक्त घड जिरण्याची घटना पुरे.

निर्णय आणि काम

चौथा पर्याय निवडला. त्यामागे एक विचार होता. रूपक लांबवायचं म्हणजे जोड्या वाढवायच्या, असा समज सगळीकडे आहे आणि सांगरूपकाची व्याख्याही वरवर तसंच सुचवते. चांगली उदाहरणं वेगळं सांगतात. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी वाङ्मयरूप गणेशाचं सांगरूपक आहे. पुराणं त्याचे दागिने, दर्शनं हात, तर्क हा परशू. यातला खरा कस लागतो तो तुटलेल्या दातापाशी. मूर्तीचं हे अंग अडचणीचं आहे, पूर्ण नाही. ज्ञानेश्वर ते लपवत नाहीत. खंडन झालेलं बौद्धमत म्हणजे तो खंडित दात, असं म्हणून तुटकेपणालाच ते कामाला लावतात. जोड बसते ती 'खंडन' या एका क्रियेवर.

दुसरं उदाहरण नाशिकचंच. कुसुमाग्रजांच्या 'पृथ्वीचे प्रेमगीत'मध्ये पृथ्वी सूर्याची प्रेयसी आहे. ती त्याच्याभोवती फिरते आणि भेटत नाही, या एका खगोलीय गोष्टीवर कविता उभी आहे. मंगळाचा लालपणा लाजण्याचा होतो, धूमकेतूचे केस पिंजारलेले असतात. प्रत्येकाला भूमिका मिळते ती आकाशातल्या त्याच्या दिसण्यातून. इंग्रजीत ज्याला कन्सीट म्हणतात, म्हणजे दोन दूरच्या गोष्टी जोडून ती जोड तर्काने शेवटपर्यंत नेणं, त्याचं जॉन डनचं कंपासचं उदाहरण (1633 मध्ये प्रसिद्ध) हेच करतं. दोन प्रेमी म्हणजे कंपासचे दोन पाय, आणि फिरणारा पाय दूर गेला की मधला त्याच्याकडे कलतो. कंपासच्या धातूविषयी, बिजागरीविषयी डन बोलत नाही.

पुनर्लेखन तीन आठवडे चाललं. 84 ओळींच्या 38 झाल्या. त्यात निर्णयाचे दोन प्रसंग अडले.

पहिला: 'घड जिरणं' हे वाचकाला समजावायचं कसं? लातूरच्या किंवा रत्नागिरीच्या वाचकाला हा शब्दप्रयोग माहीत असेलच असं नाही. तळटीप सुचवली गेली. ती नाकारली, कारण तळटिपेने रूपक आधीच फुटतं. त्याऐवजी कवितेच्या पहिल्या सहा ओळींत आईलाच बागेत उभं केलं, पूर्वीच्या, धडधाकट आईला. त्या काडी हातात धरून मुलाला दाखवतात:

"हा बघ, काल घड होता इथं.
आज जिरला. बाळी आली."
आणि तू पुढच्या काडीकडे गेलीस,
हिशेब चुकल्यासारखी नाही,
हिशेब माहीत असल्यासारखी.

यात माहिती गेली, आवाज आला आणि रूपकाची सुरुवात रूपक न वाटता झाली. उपमान आधी खरी घटना म्हणून येतं, त्याचा उपमेयाशी संबंध पुढे जुळतो. लांब रूपकात हा क्रम सहसा जास्त टिकतो, कारण वाचकाला उपमानावर विश्वास बसायला वेळ मिळतो. 'आई ही बाग' असं पहिल्याच ओळीत जाहीर केलं की तो वेळ जातो.

मधला भाग खोलीतला. इथे 'बाग' हा शब्द एकदाही नाही.

माझं नाव तुझ्या ओठांवर फुटतं,
पहिलं अक्षर, त्याची मात्रा,
मग ते... ते आपलं...
आणि नावाच्या जागी निघते
बारीक, हिरवी, हवेत चाचपडणारी—

वाक्य तिथेच तोडलं. 'बाळी' हा शब्द लिहायचा की वाचकावर सोडायचा यावर खूप वाद झाला. सोडला. पहिल्या सहा ओळींनी आपलं काम केलं असेल तर तो शब्द वाचकाच्या तोंडात येतो.

दुसरा अडलेला प्रसंग शेवटचा. मसुद्यात ओळी होत्या:

बाळीला फळ नसतं,
पण तीच वेल धरून ठेवते.
कॉटच्या दांडीवरून हात निघतो,
माझ्या करंगळीला वेढा पडतो.

पहिल्या दोन ओळी ऐकायला सुंदर आहेत. हीच त्यांची अडचण होती. छाटणीच्या मसुद्यातला दिलासा दारातून घालवला होता, तो खिडकीतून परत आला होता. कवीला त्या ओळी सोडवेनात. शेवटी एक कसोटी लावली: या दोन ओळी काढल्या तर खालच्या दोन ओळींतलं काही कमी होतं का? झालं नाही. ओळी गेल्या. हात आणि करंगळी राहिली.

निष्पत्ती

संपादकांनी एका शब्दाच्या फरकाने कविता घेतली. दिवाळी अंकात ती अर्ध्या पानावर आली. ज्या ज्येष्ठ सदस्यांनी रूपक काढायला सांगितलं होतं त्यांचं मत बदललं नाही. पहिल्या सहा ओळी आणि शेवटच्या दोन, एवढंच पुरे होतं, असं ते म्हणतात. मधला भाग थोडा लांबला आहे हे खरं आहे. 'त्याची मात्रा' ही चूकभूल म्हणावी अशी जागाही राहिली. बोलताना मात्रा ऐकू येते, ओठांवर दिसत नाही.

अंक आल्यावर निफाड तालुक्यातल्या एका बागायतदार वाचकाने कवीला पत्र पाठवलं. घड जिरण्याचं बरोबर लिहिलंय, असं म्हणून त्यांनी पुढे एक वाक्य जोडलं होतं: बाळ्या आम्ही ठेवत नाही, काढून टाकतो. वेल तारेला आम्ही बांधतो, बाळीची गरज नसते. ती उगाच अन्न खाते आणि घडांत गुंतते.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैमध्ये कविता पाठवण्याआधीच जोडीपत्रक केलं असतं तर छाटणीचं उलटं ओढणं कळलं असतं आणि सात भाग लिहिण्याची मेहनत वाचली असती. उपमान निवडताना त्याचा शेवट काय होतो हे आधी लिहून काढायचं, आणि तो शेवट उपमेयाला मान्य आहे का ते बघायचं. हे दहा मिनिटांचं काम आहे.

जाणकाराला कविता ऐकवणं उशिरा झालं, आणि त्याला विचारलेले प्रश्नही अर्धेच होते. घड का जिरतो, केव्हा जिरतो, त्याआधी काय झालेलं असतं, हे सगळं विचारलं गेलं. बाळी आल्यावर तिचं पुढे काय करतात, हे कोणी विचारलं नाही. उत्तर चुलतभावाकडे होतंच. छाटणीच्या वेळी उपमानाचा पुढचा टप्पा विसरल्याने कविता फसली होती. बाळीच्या वेळी तोच टप्पा पुन्हा विसरला गेला. फक्त इथे ते शेवटच्या ओळीच्या पलीकडे पडत असल्यामुळे झाकलं गेलं.

पत्रानंतर कवीपुढे दोन वाटा आहेत. शेवट आहे तसा ठेवायचा, कारण कविता करंगळीपाशी थांबते. किंवा बाळी खुडणाऱ्या हाताला कवितेत जागा द्यायची, आणि तो हात त्यांचा स्वतःचा आहे हे लिहायचं. रात्री दोन वाजता आईची पकड सोडवून त्यांना झोपायला जावं लागतं, एकेक बोट उलगडून. संग्रहाच्या हस्तलिखितात शेवटच्या ओळीखाली त्यांनी तीन ओळींची जागा कोरी ठेवली आहे.